रामशेजवर दोन विहिणी

छायाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत तिची आई आणि तिच्या सासूबाई एकमेकींशी धड पाच वाक्यं बोलल्या नव्हत्या. हे आपोआप झालेलं नव्हतं. छायाने त्यासाठी मेहनत घेतली होती.

सासूबाई गोजराबाई मखमलाबादच्या मळ्यात वांगी, कोबी आणि झेंडू पिकवत म्हाताऱ्या झाल्या. नवरा वारल्यावर मळा थोरल्या मुलाने बघायला घेतला आणि त्या धाकट्या हर्षलकडे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आई कुसाबाई चांदवडजवळच्या वस्तीवर, कांद्यात. दोघींचा स्वभाव इतका सारखा की छायाला कधी कधी वाटायचं, आपलं लग्न एका घरातून त्याच घरात झालंय. आवाज मोठा, मन मोकळं, आणि झालेला अपमान विसरायचा नाही. लग्नात रुखवतापाशी गोजराबाई सहज म्हणून गेल्या होत्या, "करंज्या मोजून आणल्यात वाटतं." कुसाबाईंनी ते वाक्य अजून जपून ठेवलं होतं.

म्हणून छायाने पहिल्या वर्षापासूनच सगळं स्वतःकडे घेतलं. आईने कुरडया पाठवल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "मीठ काय घमेल्यानं घातलंय का?" की छाया फोनवर सांगायची, "आई, कुरडया फार आवडल्या त्यांना." आई म्हणाली, "त्यांच्याकडनं कधी दोन वांगी आली नाय," की पुढच्या खेपेला छाया भाजीबाजारातून वांगी घेऊन जायची आणि ती मखमलाबादच्या मळ्यातली व्हायची. पहिल्या दिवाळीला कुसाबाईंनी विहिणीसाठी पोपटी साडी पाठवली. ती बघून गोजराबाई जे बोलल्या त्यानंतर छायाने दर दिवाळीला साडी स्वतःच आणायला सुरुवात केली. सासूबाईंना सांगायची, आईने पाठवली. आईला सांगितलं, सासूबाईंनी व्याह्यांकडून साडीचोळी घ्यायची नाही असा नेम केलाय.

पुढे पुढे यात थोडी सोयही आली. कांद्याच्या लागवडीला माहेरून बोलावणं आलं की गोजराबाईंचं बीपी वाढून चक्कर यायची. सासरी मळ्यात झेंडू तोडायला माणूस कमी पडलं की कुसाबाईंचा गुडघा सुजायचा. बीपी छायाने शेजारच्या काकूंचं घेतलं होतं. गुडघा तिच्या वडिलांचा होता, तो खरंच दुखायचा, म्हणून त्याचं वर्णन तिला चांगलं जमायचं.

दोन हजार चार सालच्या मार्गशीर्षात गोजराबाईंना साठ वर्षं पूर्ण होणार होती. जन्मतारीख कोणाला माहीत नव्हती. ओझरला चंपाषष्ठीची यात्रा भरते, तिच्या दुसऱ्या दिवशी आपण जन्मलो एवढं त्या सांगायच्या, आणि साल थोरल्या भावाने जुळवून दिलं होतं. हर्षल म्हणाला, हॉल घेऊ, शंभर माणसं बोलवू.

"मला हाटेलात नको नेऊ आन हालात बी नको," गोजराबाई म्हणाल्या. "मला त्या रामशेजवर ने."

"रामशेजवर?"

"चाळीस वर्षं वांग्यात वाकले. कंबर सरळ करायला उभी राहिले की समोर तोच. सगळी दुनिया चढून आली. मला कोणी म्हणलं नाय, चला."

हर्षलला हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून तो ऑफिसात कमी आणि किल्ल्यावर जास्त राहू लागला. तो सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर होता आणि रविवारच्या पुरवणीतलं भटकंतीचं पान कापून ठेवत असे. वाटाड्या घ्यायचा नाही, आपलं आपण जायचं, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं. मित्राच्या मित्राला विचारून नकाशा काढला, शिट्टी घेतली, दोरी घेतली, आणि माळ्यावरून कॉलेजातले ट्रेकिंगचे बूट काढून पुसले.

ठरल्या दिवशी सकाळी मित्राची मारुती व्हॅन घेऊन सगळे निघाले. हर्षल, छाया, सात वर्षांची सृष्टी आणि नवी जांभळी साडी नेसलेल्या गोजराबाई. रामशेजला जायचं तर पेठ रोड धरायचा. गाडी आडगाव नाक्याकडे वळली.

"अहो, पेठ रोड इकडे राहिला," छाया म्हणाली.

"सरप्राइज आहे," हर्षल म्हणाला.

आडगाव नाक्यावर, चांदवडच्या एसटीतून उतरून, तिचे आईवडील उभे होते. वडील खंडेरावांच्या हातात काठी होती आणि पायाशी कांद्याचं पोतं. हिरव्या साडीतल्या कुसाबाईंच्या डोक्यावर शिदोरीचं गाठोडं होतं.

छायाने नवऱ्याकडे पाहिलं. हर्षल आनंदात होता. आपण बायकोच्या किती खोटेपणात सामील आहोत हे त्याच्या लक्षातच राहत नसे.

ती पटकन उतरली, आईला एका बाजूला बसवलं, सासूबाई दुसऱ्या बाजूला होत्याच, आणि स्वतः मध्ये बसली. गाडी सुरू होऊन मिनिटभर झालं नसेल.

"विहीणबाई, गुडघा कसाय आता?" गोजराबाईंनी छायाच्या अंगावरून वाकून विचारलं.

"कोनाचा?" कुसाबाई म्हणाल्या.

"अण्णांचा, आत्याबाई," छाया सासूबाईंना म्हणाली. "अण्णांचा गुडघा दुखतोच आहे."

"लय दुखतो," पुढच्या सीटवरून खंडेराव म्हणाले.

थोडं अंतर गेल्यावर कुसाबाई वाकल्या. "आन तुम्हाला ती चक्कर येती ती?"

"गाडीत? छे. मला गाडी कधी लागली नाय."

"आत्याबाईंना गाडी लागत नाही, आई," छाया म्हणाली आणि खिडकीबाहेर काहीतरी बघायला सांगून सृष्टीला मांडीवर ओढलं. किल्ल्याचा पायथा येईपर्यंत तिने दोघींना श्वास घेऊ दिला नाही. शाळेबद्दल बोलली, पाण्याच्या टाकीबद्दल बोलली, दिसेल त्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली.

पायथ्याच्या आशेवाडीत गाडी लावली तेव्हा सहादू नावाचा गावकरी पुढे आला. म्हणाला, मी येतो बरोबर, तेवढंच सामान धरीन.

"वाट सरळ आहे ना?" हर्षलने नकाशा उघडला.

"वाट काय, सरळच हाय. म्हाताऱ्या जात्यात देवाला."

"मग नको. किल्ला आपला, वाट आपली."

सहादूने नकाशाकडे पाहिलं, मग हर्षलच्या बुटांकडे पाहिलं. खंडेराव म्हणाले, माझं काही खरं नाही, मी इथंच बसतो. जेवणाचं जड सामान त्यांच्यापाशी ठेवलं. सहादूही शेजारी टेकला आणि दोघांचं कांद्यावर बोलणं सुरू झालं.

चढण्याआधी छायाने आईला गाडीमागे नेलं. "आई, चढताना आत्याबाईंना बोलायला लावू नकोस. बोललं की बीपी चढतं त्यांचं."

मग सासूबाईंचा पदर नीट खोचायच्या निमित्ताने तिने त्यांना गाठलं. "आत्याबाई, आईशी चढताना बोलू नका. बोलताना तिचं पायाकडे लक्ष राहत नाही."

दोघींनी एकमेकींकडे दयेने पाहिलं आणि चालायला लागल्या.

पहिल्या चढावापर्यंत सगळं बरं चाललं. हर्षल पुढे, मध्ये दोन विहिणी, मागे केकचा खोका धरलेल्या सृष्टीला ओढत छाया. हर्षल किल्ल्याची माहिती सांगत होता. या किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही, तोफा आणल्या तरी दिली नाही. एवढं सांगून तो एका दगडावर उभा राहिला, इथून वाट कशी घेतलीय ते दाखवायला त्याने पाय आपटला आणि उजव्या बुटाचा तळवा सुटून खाली घरंगळत गेला.

तो आणायला सृष्टी पळाली. सृष्टीला आणायला छाया पळाली. दोघी तळवा घेऊन परत आल्या तर हर्षल खाली बसून डाव्या बुटाकडे बघत होता. तोही उघडला होता.

"माळ्यावर गरम होतं ना," तो म्हणाला. "गोंद वितळला असेल."

छायाने दोरी घेतली आणि नवऱ्याचे पाय बुटासकट बांधायला लागली. पहिली गाठ सुटली. दुसरी इतकी घट्ट बसली की पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या गाठीच्या वेळी तिने वर पाहिलं. वाट रिकामी होती. जांभळी साडी नाही, हिरवी साडी नाही.

"आई आणि आत्याबाई कुठे आहेत?"

"पुढे गेल्या. घाबरू नको, वाट सरळ आहे, पडणार नाहीत."

त्या पडतील अशी छायाला भीती नव्हतीच. त्या बोलतील अशी भीती होती. तिने उरलेली दोरी नवऱ्याच्या हातात दिली, सृष्टीला त्याच्यापाशी बसवलं, आणि एकटी चढायला लागली.

वर काय झालं ते तिला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं.

दोघी विहिणी एकमेकींना पुढे व्हा, पुढे व्हा करत गेल्या. कोणी मागे राहायला तयार नव्हतं आणि कोणी पुढे जायला, म्हणून वाट अरुंद असूनही त्या शेजारी शेजारी चालत होत्या. छायाने सांगितलं होतं म्हणून बोलत नव्हत्या. थोड्या वेळाने गोजराबाईंना धाप लागली. त्यांनी बाजूला पाहिलं. सुजलेल्या गुडघ्याची बाई मुकाट चढत होती. गोजराबाई थांबल्या नाहीत. कुसाबाईंच्या पोटऱ्या भरून आल्या. त्यांनी बाजूला पाहिलं. बीपीची बाई लालबुंद तोंडाने चढत होती. कुसाबाईही थांबल्या नाहीत.

गुहेतल्या रामाच्या देवळापाशी दोघींनी चालता चालताच हात जोडले. एकीला वाटलं दुसरी टेकेल, दुसरीला वाटलं पहिली टेकेल. कातळातल्या पायऱ्या आल्या. त्याही गेल्या. दरवाजा गेला. आता पठार लागलं, चढ संपला, तरी दोघी थांबेनात. मोगलांना वर्षानुवर्षं न मिळालेला किल्ला पार करून त्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. पुढे फक्त हवा होती, म्हणून नाइलाजाने थांबल्या आणि एकदमच मटकन खाली बसल्या.

बऱ्याच वेळाने कुसाबाईंना शब्द फुटला.

"विहीणबाई, तुम्ही एकदा तरी थांबायचं. मी देवळापाशीच बसले असते."

"मी कशी थांबू? तुमच्या गुडघ्याची ही दशा, तरी तुम्ही चालल्या. मला लाज वाटाया लागली."

"माझ्या कोनत्या गुडघ्याची?"

"सुजलाय तो. मागच्या उन्हाळ्यात छाया आठ दिवस येऊन ऱ्हायली ना, तेल चोळाया."

कुसाबाईंनी पातळ जरा वर घेऊन स्वतःचे दोन्ही गुडघे पाहिले. "मागच्या उन्हाळ्यात छाया आलीच नाय. तुमचं बीपी वाढलं म्हनून तुम्ही सोडलं नाय तिला."

"मला बीपी नाय."

"नाय?"

"डॉक्टरनं अजून हात नाय लावला मला."

दोघींनी उडणारे पदर आवरले. वारा चांगला सुटला होता.

"त्याच आठ दिवसांत जावईबापू कुठं हुते?" कुसाबाईंनी विचारलं.

"हर्षल पुण्याला गेल्ता. कंपनीच्या टेनिंगला. येताना स्ट्रॉबेरीचा जाम आणला. मी म्हणलं, पुण्यात काय काय पिकाया लागलं आताशा." गोजराबाई जरा थांबल्या. "आन सृष्टी चांदवडहून आली तर सांगत हुती, घोड्यावर बसले. मी म्हणलं व्याह्यांनी घोडं घेतलं वाटतं."

"आमच्याकडं दोन म्हशी हायत."

"तेच म्हणते मी."

महाबळेश्वरचं नाव दोघींनीही घेतलं नाही. त्या दोघींपैकी कोणीच तिथे गेलेली नव्हती, पण घोडे आणि स्ट्रॉबेरी कुठे असतात एवढं सगळ्यांना माहीत असतं.

मग एकेक निघत गेलं. वांगी निघाली. कुरडया निघाल्या, आणि मीठ खरंच जास्त झालं होतं हे कुसाबाईंनी मान्य केलं. गोजराबाईंनी पदर पुढे धरला. "आन ही साडी? ही तरी तुमचीच ना? दर दिवाळीला येती."

कुसाबाईंनी जांभळ्या साडीचा काठ बोटांत धरून पाहिला. हो म्हटलं असतं तर मान राहिला असता. आठ दिवाळ्या फुकट पदरात पडल्या असत्या. "नाय विहीणबाई," त्या म्हणाल्या. "माझी एकच. पहिल्या वर्षीची. पोपटी."

गोजराबाईंनी पदर सोडला. "ती तुमची हुती होय."

"रंग मीच काढला हुता. कुठंय ती?"

आता खोटं बोलायची पाळी गोजराबाईंची होती. पण इतका डोंगर चढून आल्यावर त्यांच्यात तेवढा दम उरला नव्हता. "बुजगावण्याला नेसवली," त्या म्हणाल्या.

कुसाबाई समोर बघत राहिल्या. खाली लांबवर एक बैलगाडी मुंगीच्या गतीने चालली होती. ती झाडाआड गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाखरं आली का मग?"

"एक नाय आलं."

कुसाबाईंचा खांदा हलला. गोजराबाईंना वाटलं रडतात. त्या हसत होत्या. मग दोघीही हसल्या, इतक्या की पोट धरून आडव्या झाल्या आणि तिकडे चरणाऱ्या दोन शेळ्या चरणं सोडून लांब गेल्या. हसू ओसरल्यावर कुसाबाईंनी कनवटीची छोटी डबी काढली आणि विहिणीकडे पाहून पुन्हा झाकली.

"तुम्हाला मशेरीचा वास खपत नाय, छाया म्हणती."

गोजराबाईंनी आपल्या कनवटीची डबी काढून पुढे केली.

छाया पठारावर आली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि चप्पल हातात होती. देवळात शोधून झालं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी शोधलं, आणि शेवटी टोकाला दोन पाठी दिसल्या. एकमेकींना टेकलेल्या. दोघी सावकाश दात घासत होत्या. छायाला कळलं की संपलं.

"ये गं," सासूबाई म्हणाल्या. "बस. दमली असशील."

"पानी पी," आई म्हणाली.

छाया पाणी प्यायली. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून वाट बघत बसली.

"काय गप्पा चालल्या होत्या?" तिने शेवटी विचारलं.

"काय, देवाधर्माच्या," सासूबाई म्हणाल्या.

ओरडा बसला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती जरा अंतर ठेवून बसली. गोजराबाई दक्षिणेकडे, मखमलाबादच्या बाजूला डोळे बारीक करून बघत होत्या. हिरवे, काळे तुकडे एकाला एक लागून पसरले होते. "आंब्याची दोन झाडं दिसत्यात, त्याच्या अलीकडं आमचा मळा," त्यांनी विहिणीला दाखवलं. मग त्यांनी आपला तळहात समोर धरला. "तळहाताएवढा दिसतोय," त्या म्हणाल्या. "खुरपायला बसले की दुसरा बांध काय येत नव्हता. वाटायचं, मरेपर्यंत याच सरीत ऱ्हाते मी."

कुसाबाईंनी पदराने विहिणीच्या मानेवरचा घाम टिपला. हे बघून छायाला वाटलं, नऊ वर्षं हे आपणच होऊ दिलं नाही, आणि तिने मान खाली घातली.

हर्षल आला तो दोन्ही बूट दोरीने करकचून बांधून, पाय उचलून टाकत, बाहुलीसारखा. सृष्टीने केकचा खोका आणला होता. वाटेत तिने तो दोनदा आपटला होता आणि एकदा त्यावर बसली होती. बिनअंड्याचा केक एका कोपऱ्यात गोळा झाला होता. हर्षलने गाणं म्हणायला सुरुवात केली, साथ कोणी दिली नाही, तरी त्याने ते शेवटपर्यंत म्हटलं. गोजराबाईंनी सुरी घेतली आणि कोबीचा गड्डा चिरतात तसा केक उभा चिरून सगळ्यांच्या हातावर ठेवला. पहिला घास त्यांनी कुसाबाईंना भरवला.

"मामी, आई, कसं वाटलं सरप्राइज?" हर्षलने कुसाबाईंकडे आणि आईकडे बघत विचारलं.

"लय भारी," कुसाबाई म्हणाल्या. "मी तर म्हनते जावईबापू, विहीणबाईंना आता आठ दिवस चांदवडला नेते. आमच्या घोड्यावर बसवाया."

छायाने तोंडाशी नेलेला केक सृष्टीच्या हातावर ठेवला.

"तुमच्याकडे घोडा आहे?" हर्षल म्हणाला. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसून बुटाची गाठ बघायला लागला.

"हाय ना," गोजराबाई म्हणाल्या. "सृष्टीनं पाह्यलाय."

सृष्टी म्हणाली, पांढरा होता, आणि मग आईने तिला कोणाला सांगू नको म्हटलं होतं हे आठवून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यावर दोघी आज्या पुन्हा हसायला लागल्या. छायाला कोणी रागावलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. उतरताना दोघी पुढे आणि ती मागे, एवढंच झालं. देवळापाशी मात्र दोघी ऐसपैस बसल्या आणि हर्षल उठा म्हणाला तरी उठल्या नाहीत. खाली खंडेराव आणि सहादूने शिदोरीतल्या अर्ध्या पुरणपोळ्या संपवल्या होत्या, आणि पोत्यातले थोडे कांदे आशेवाडीत वाटून झाले होते.

गोजराबाई खरंच चांदवडला गेल्या. आठ दिवसांच्या जागी पंधरा दिवस राहिल्या आणि कांद्याच्या लागवडीत वाफ्यात उतरल्या. सासूबाईंनी लागवड केली म्हटल्यावर छायाला जावंच लागलं. तिचीही कंबर सरळ होईना तेव्हा दोघी बांधावरून तिला सांगत होत्या, रोप खोल दाब.

तेव्हापासून इंदिरानगरच्या फ्लॅटमधला फोन रोज संध्याकाळी वाजू लागला. छायाने उचलला तर आई विचारायची, "विहीणबाई हायत का?" कधी तिने "आई, मी कशी आहे ते तरी विचार," म्हटलं तर उत्तर यायचं, "मला माहित्ये तू कशी हायस."

एकदा चैत्रात मात्र पंधरा दिवस फोन आला नाही. सासूबाईही फोनकडे पाठ करून बसायच्या. शेवटी छायाला कळलं की लग्नातल्या करंज्यांचा विषय निघाला होता. मोजून आणल्या होत्या की नव्हत्या यावर दोघींचं चांगलंच वाजलं होतं. छायाचे हात शिवशिवले. आईला एक छानसं वाक्य कळवलं की मिटेल, असं वाटून तिने एका दुपारी चांदवडचा नंबर फिरवला.

"आई, आत्याबाई काल म्हणत होत्या, करंज्यांची चव अजून..."

"छाया," कुसाबाई म्हणाल्या, "तू मधी पडू नको. विहीणबाईंना दे. आमचं भांडण अर्धं ऱ्हायलंय."